इठाबाईचं पहिलं अक्षर

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच आठवड्यात राजेश्वरी मॅडमनी मला विचारलं, "प्रोग्रॅम चालला का?" आणि मी म्हणाले, "न्हाई." सगळा वर्ग हसला. लोणावळ्याची पोरं हसली, तळेगावची हसली, आणि ज्याच्या घरात आजही 'न्हाई'शिवाय दुसरा नकार नाही, तो स्वराजसुद्धा हसला. मॅडमही हसल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची बाजू घेणार आहे आणि मग तुम्ही म्हणाल, हिला मॅडमचं सगळंच गोड लागतं. तसं काही नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता आणि तो मी चांगली चार वर्षं जपून ठेवला.

मी प्रेरणा, राहणार भाजे. वडील रेल्वेत ट्रॅकमन, मळवली ते लोणावळा एवढा रूळ त्यांच्या पायाखालचा. आई आठवडाभर दुसऱ्यांच्या शेतात जाते आणि शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजून विकते. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे गावात कुणाचाही मोबाईल बंद पडला की तो आधी आमच्या ओट्यावर येतो. वर्ग हसला त्या दिवसापासून मी 'नाही' म्हणायला शिकले. 'आम्ही', 'तुम्ही', 'कुठे', 'इथे' सगळं शिकले. कॉलेजातून घरी आलं की चपलांबरोबर ते शब्दही दारात काढायचे आणि सकाळी पुन्हा घालून निघायचं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. आमच्याकडे त्याची रीत ठरलेली होती. पुण्यातल्या एका दुकानात ग्रंथालयाचं, नाहीतर हॉटेलच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर तयार मिळायचं. सोबत काळ्या कव्हरावर सोनेरी अक्षरांत छापलेला अहवालही. विद्यार्थ्यानं फक्त आपलं नाव बरोबर छापलंय ना, एवढंच बघायचं. परीक्षक यायचे, चहा प्यायचे, सह्या व्हायच्या. त्या अहवालांनी आमच्या विभागातली दोन कपाटं भरली होती आणि कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

मॅडम त्या वर्षी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गटात मेलेला प्रोजेक्ट चालणार नाही."

"मेलेला म्हणजे काय, मॅडम?" स्वराजनं विचारलं.

"मार्क मिळाल्यावर जो पुन्हा कुणीही उघडत नाही, तो."

मग त्यांनी आम्हाला एक सॉफ्टवेअर दाखवलं. लहान दवाखाने, पुरात उभ्या केलेल्या छावण्या, जिथं डॉक्टर असतो पण कागद सांभाळायला माणूस नसतो, अशा ठिकाणी रुग्णांच्या नोंदी ठेवणारं. कुणीही वापरावं, दाम नाही. त्याचा कोड सगळ्या जगासमोर उघडा. कुणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी. ती दुरुस्ती आत घ्यायची की नाही, ते जुनी जाणती मंडळी सगळ्यांदेखत वाद घालून ठरवणार. स्वराज म्हणाला, "मंजी चावडीच की ही!" तेव्हापासून आमच्या गटात त्याचं नाव चावडी पडलं.

आमच्या विभागप्रमुखांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, बाकीचे मास्तर जणू कुणीच नव्हते. ते आमच्यासमोरच मॅडमना म्हणाले, "पोरांना दुसऱ्याच्या घरचं पोतेरं मारायला शिकवणार का? स्वतःचं काहीतरी बनवू द्या."

"दुसऱ्याचं घर कसलं, सर?" मॅडम म्हणाल्या. "भाज्याला गुरुवारी दवाखान्याची गाडी येते ना, तीही हेच वापरते."

ते खरं होतं. एका संस्थेची गाडी दर गुरुवारी आमच्या विहारासमोर उभी राहते. गुरुवारीच, कारण शनिवार-रविवारी भाज्याचा रस्ता पुण्या-मुंबईच्या मोटारींचा असतो आणि आजाऱ्याला त्यातून वाट मिळत नाही. मॅडमनी आम्हाला पहिला महिनाभर कीबोर्डला हातच लावू दिला नाही. म्हणाल्या, गाडीत बसा, सिस्टर काय करते ते बघा, ती कुठे वैतागते ते लिहा. लिहिण्याचीही त्यांची एक शिस्त होती. तीनच ओळी. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आपलं मत लिहायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. मला तर वाटायचं, चार वर्षांची फी भरून आम्ही पंचनामा करायला शिकतोय.

गाडीतली नंदा सिस्टर वैतागण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, त्यामुळे आमच्या वह्या भराभर भरल्या. गोळ्यांच्या वेळा छापून येत, पण वाचता न येणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता. ते काम चैतालीनं घेतलं. तिनं कागदावर सूर्य आणि चंद्र छापायला लावले. नेट गेलं की तारखा चुकत, ते स्वराजनं घेतलं. मला काही सापडेना. आणि मग एका गुरुवारी इठामावशी आली.

इठामावशी आमच्या वरच्या आळीतली. पायाला गळू झालेलं, लंगडत आली आणि खुर्चीवर टेकली. सिस्टरनं नाव विचारलं.

"इठाबाई."

सिस्टरनं टाईप केलं. नोंद सापडली नाही. सिस्टरनं नवीन कार्ड केलं: नाव इठाबाई, वय अंदाजे सत्तर, औषधाचं वावडं काही नाही. डॉक्टरांनी गळू पाहिलं, इंजेक्शन सांगितलं. सिस्टरनं ते भरलंसुद्धा. मी बाजूच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते आणि मला एकदम आठवलं.

"सिस्टर, थांबा!" मी ओरडलेच. "मावशीला मागच्या साली मळवलीला सुई दिली तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या. श्वास लागला होता. बैलगाडीतून नेलं होतं तिला."

"कार्डावर तसं काहीच नाही," सिस्टर म्हणाली.

मी तिच्या हातातला टॅब ओढून घेतला. 'विठाबाई' टाईप केलं. आली की नोंद! गाव भाजे, वय एकोणसत्तर, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, कुठलं इंजेक्शन हिला द्यायचं नाही ते. तेच इंजेक्शन सिस्टरच्या हातात होतं. डॉक्टरांनी ते काढून घेतलं.

मग सिस्टरचा भीतीनं उसळलेला राग मावशीवर निघाला. "मावशी, नाव नीट सांगत जा ना! विठाबाई म्हणा, विठाबाई!"

मावशी तशीच पाय पुढं करून बसलेली. म्हणाली, "माजं नाव मला म्हाईत न्हाई व्हय? सत्तर वर्सं मला समदी इठाच म्हंत्यात. तुजी मशीन बहिरी हाय, त्याला मी काय करू?"

घरी येऊन मी तीन ओळी लिहिल्या. काय केलं: रुग्णानं सांगितलं तसं नाव शोधलं. काय व्हायला हवं होतं: तिची जुनी नोंद दिसायला हवी होती. काय झालं: यंत्राला ती ओळखू आली नाही. तिसऱ्या ओळीपुढे 'आणि बाई मरता मरता वाचली' असं मी लिहिलं होतं, ते मॅडमनी खोडलं नाही.

कोडमध्ये शिरल्यावर कारण सापडायला दोन दिवस लागले. स्पेलिंग थोडं मागेपुढे झालं तरी नाव सापडावं अशी सोय तिथं होती, पण तिच्यात एक अट होती. पहिलं अक्षर जुळलंच पाहिजे. पुढची अक्षरं चुकली तर चालतील, पहिलं मात्र माणूस कधी चुकत नाही, असं लिहिणाऱ्यानं धरून चाललं होतं. त्या बिचाऱ्यानं मावळ कधी पाहिलंच नसणार. आमच्याकडे विठ्ठलाचाच इठ्ठल होतो, तिथं विठाबाईची काय कथा?

मी चावडीवर मांडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. युगांडातली एक बाई तो भाग सांभाळायची, आम्ही तिला पाटलीणबाई म्हणायचो. तिनं विचारलं, रुग्ण आपल्या नावाचं स्पेलिंग चुकवतात, असं तुमचं म्हणणं आहे का?

"व्हय म्हन आन् मोकळी हो," स्वराज म्हणाला. "लवकर मिटंल."

माझी बोटं 'हो' लिहायला निघालीही होती. तीन वर्षं मी तेच तर करत आले होते. पण मला गाडीतली मावशी दिसली, सुजलेला पाय पुढं करून बसलेली आणि जराही न ओशाळलेली. मी लिहिलं: नाही, हे चुकलेलं नाव नाही. आमच्या गावात हे नाव असंच आहे. कागदावर एक आणि तोंडात एक, आणि दोन्ही तिचीच. माणूस आपलं नाव सांगतो तेव्हा तो बरोबर असतो. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर ती ऐकणाऱ्याची अडचण.

पाठवलं आणि लगेच पुन्हा वाचलं. मी, भाज्याची प्रेरणा, चावडीच्या पाटलीणबाईला सुनावत होते! दिवसभर उत्तर नाही. मग आलं. तिनं लिहिलं होतं की तिच्या भाषेत र आणि ल एकमेकांच्या जागी बसतात आणि लहानपणी शाळेत तिलाही त्यावरून सगळे हसायचे. पण पहिल्या अक्षराचा विचार इतक्या वर्षांत तिनंही केला नव्हता. खाली एक ओळ होती: तुमच्याकडची नावं पाठवा, जेवढी मिळतील तेवढी.

मग आम्ही नावं गोळा करत फिरलो. मॅडमनी आधीच दम दिला होता की गाडीतल्या एकाही रुग्णाची खरी नोंद बाहेर जाता कामा नये. म्हणून आम्ही नातेवाईक, शेजारीपाजारी यांना विचारून फक्त नावं घेतली. विठाबाई-इठाबाई, राहीबाई-राईबाई, महादू-म्हादू. स्वराजचं म्हणणं होतं की त्यांच्यात सगळे शुद्धच बोलतात. त्याच्या आजोबांची कागदपत्रं काढली तर आधारवर गेणू, रेशनकार्डावर गेनू आणि सातबाऱ्यावर ग्यानू. आबा मजेत म्हणाले, "तिघंबी मीच हाय. ज्याला जो पायजे त्यो घ्या." त्यानंतर स्वराज शुद्धतेवर फारसा बोलला नाही.

पाटलीणबाईनं विचारलं, तुमच्या बोलीत ह पडतो म्हणजे तो सगळीकडेच पडतो का? मी उत्तर दिलं: पडतो, पण वाया जात नाही. 'आम्ही'मधला काढून 'आमी' करतो आणि तो उरलेला ह 'इथं'ला लावून 'हितं' करतो. तिला ते इतकं आवडलं की तिनं माझं वाक्य जसंच्या तसं कोडच्या वर टीप म्हणून घालायला सांगितलं. ते आजही तिथं आहे.

काम सोपं नव्हतं. माझा पहिला प्रयत्न गाडीत चालवून पाहिला तर एका नावाला निम्मं गाव पडद्यावर आलं. सिस्टर म्हणाली, "मी पेशंट शोधत्येय की मतदारयादी वाचत्येय?" चावडीनं माझी दुरुस्ती तीनदा परत पाठवली. एकदा तर लिहिलं की तुमच्यामुळे दुसऱ्या देशातल्या दवाखान्यात शोध मंदावेल. मला रडू आलं. मॅडम माझ्या बाजूला बसून राहिल्या, पण त्यांनी एकही ओळ लिहून दिली नाही. अखेर असं जमलं: आधी तंतोतंत नाव, मग त्याच्यासारखं ऐकू येणारं, सोबत गाव आणि वय, आणि शेवटी ठरवणार समोरचा माणूस. एकशे बारा ओळी. एप्रिलमध्ये चावडीनं त्या आत घेतल्या. आमच्या भाषेत, मर्ज झालं. त्या दिवशी मी मळवली स्टेशनवर उतरल्यापासून घरापर्यंत एकटीच हसत गेले.

आता राहिली होती फक्त सरांची सही. ती झाली की तोंडी परीक्षा, ती झाली की पदवी, आणि पदवीवर अवलंबून तळेगावच्या कंपनीचं नोकरीचं पत्र. जूनमध्ये पास झालात तर या, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. आईनं ते पत्र गव्हाच्या डब्याखाली ठेवलं होतं.

सरांनी माझा अहवाल उघडला. "ओळी किती?"

"एकशे बारा."

"ग्रंथालयवाल्यांच्या सहा हजार आहेत." मग त्यांनी शीर्षक वाचलं. ते इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर 'मावळी बोलीनुसार रुग्णांच्या नावांचा शोध'. सरांनी पेन काढलं, 'मावळी बोलीनुसार' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'अशुद्ध उच्चारलेल्या'.

"असं करून आण. लगेच सही करतो."

"सर, पण ती नावं अशुद्ध नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हे बघ, मी पण आंदर मावळातला आहे. मलाही वर्ग हसला होता. मी शिकलो, म्हणून या खुर्चीत बसलोय. लोकांना नीट बोलायला शिकवायचं सोडून तू यंत्राला अडाणी करत्येस."

"यंत्र अडाणीच होतं, सर. आता जरा शिकलंय."

झालं. मी बोलून गेले. त्यांनी अहवाल मिटून माझ्याकडे सरकवला. "एक शब्द बदल आणि ये. नाहीतर नोव्हेंबरात भेटू."

बाहेर मॅडम उभ्या होत्या. त्यांची सही अहवालावर आधीच होती, पण एकट्या त्यांच्या सहीनं काही होणार नव्हतं. त्या प्राचार्यांकडेही जाऊन आल्या. तिथून विभागाचा प्रश्न विभागातच मिटवा असं उत्तर आलं. मला म्हणाल्या, "तू शब्द बदललास तरी मी तुला नावं ठेवणार नाही, प्रेरणा. नोकरी आहे, घर आहे." मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तू 'न्हाई' म्हणालीस तेव्हा मी हसले होते. तुला आठवतं का, माहीत नाही."

"आठवतं," मी म्हणाले.

"हसायला नको होतं," त्या म्हणाल्या. चार वर्षं जपलेला राग असा स्टाफरूमच्या दारात संपला, आणि खरं सांगते, संपल्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बाई, एका शब्दात काय ठेवलंय, लिहून टाक. तीच भीती होती, कारण ती तसं म्हणाली असती तर मी लिहून टाकलं असतं. आई कणसांची पोती शिवत होती. सुई थांबवून म्हणाली, "शब्दात काय नस्तं, तर त्यांनी त्याच्यापायी सही आडवली असती व्हय?"

"नोकरी जाईल, आई."

"जाईल. मग दुसरी बघू." आणि पुन्हा शिवायला लागली. पण त्या दिवशी तिनं गव्हाच्या डब्याखालचं पत्र काढून दोनदा हातात घेतलं, ते मी पाहिलं.

मी शब्द बदलला नाही. जूनच्या निकालात माझ्या नावापुढे नापास आलं. स्वराज पास, चैताली पास, ग्रंथालयवाले तर झाडून सगळे पास. तळेगावचं पत्र रद्द झालं. गावात लोक हळहळले, काहींना बरंही वाटलं, एवढी शिकली आणि शेवटी कणसंच भाजतेय म्हणाले. मी खरंच शनिवार-रविवारी आईबरोबर कणसं भाजत होते. भुशी धरणाला निघालेल्या मोटारी वाट चुकून भाज्याला यायच्या आणि काचा खाली करून रस्ता विचारायच्या. मी मुद्दाम सांगायचे, "हितनं न्हाई, तितनं जावा." समजलं तर समजलं.

ऑगस्टमध्ये चावडीची नवी आवृत्ती आली आणि गाडीतल्या टॅबवर चढली. त्या गुरुवारी मी विहाराच्या पायरीवर बसले होते. इठामावशी आली, आता खोकल्यासाठी. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मावशीला विचारलं, "नाव?"

"इठाबाई. दर येळी काय इचारतीस?"

सिस्टरनं तसंच टाईप केलं. इठाबाई. क्षणात पडद्यावर आलं: विठाबाई, भाजे, वरची आळी, आणि खाली ती लाल ओळ. सिस्टरनं टॅब मावशीच्या तोंडासमोर धरला. मावशीला वाचता येत नाही, पण सिस्टरचं तोंड तिला वाचता येतं.

"ऐकाया लागली व्हय?" मावशी म्हणाली आणि खोकत खोकत हसली. मी पायरीवर बसून ढसाढसा रडले. नापास झाले तेव्हाही मी रडले नव्हते.

नोव्हेंबरात पुन्हा कॉलेजला गेले. गेटवर भला मोठा फ्लेक्स लागला होता. पुढच्या आठवड्यात बाहेरून तपासणीची समिती यायची होती आणि समितीला समाजोपयोगी काम दाखवावं लागतं म्हणे. 'अभिनंदन! आमच्या विद्यार्थिनीचे सॉफ्टवेअर सात देशांत!' वर सरांचा फोटो, हात जोडलेला. खाली कोपऱ्यात माझं नाव. ज्या मुलीला यांनी नापास केलं होतं तिचंच! मी गेटवर उभी राहून ते दोनदा वाचलं आणि तशीच सरांच्या केबिनमध्ये जाऊन तोच जुना अहवाल टेबलावर ठेवला. मॅडम तिथंच होत्या.

"ये, ये," सर म्हणाले. "आता परीक्षा उरकून टाकू. शीर्षक बदललंस?"

"न्हाई," मी म्हणाले.

मुद्दाम म्हणाले. आवाज अजिबात न पाडता. या वेळी कुणी हसलं नाही.

सरांचा चेहरा आवळला. "सहा महिने गेले, तरी अक्कल आली नाही. प्रश्न एका शब्दाचा आहे."

"तो शब्द तुम्हालाही सोडवला नाही, सर," मी म्हणाले. "आणि फ्लेक्सवर माझं नाव 'प्रेरना' छापलंय."

सर उठून खिडकीशी गेले. गेट तिथून दिसतं. कु. प्रेरना, हातभर अक्षरांत. "गावंढळ लेकाचा!" ते म्हणाले आणि त्यांनी कामशेतच्या फ्लेक्सवाल्या अतुलला फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे आम्हालाही ऐकू जावं. "अरे, प्रेरणा! बाणातला ण! समिती यायच्येय आणि तू असलं अशुद्ध छापतोस?"

"सर, तुमीच सांगितलं तसं छापलंय," पलीकडून अतुल म्हणाला. "मला शंका आलती. म्हनून तुमचा आवाज जपून ठिवलाय. ऐका."

आणि त्यानं तो लावला. सरांचाच आवाज, घाईतला, बहुतेक गाडी चालवताना पाठवलेला. "अतुल, मुलीचं नाव लिहून घे. प्रेरना. हां, प्रेरनाच. फोटो माझा मोठा घे."

सरांनी फोन बंद केला. ते किती तरी वेळ माझ्या अहवालाकडे बघत होते. मला वाटलं, आता फाडतात. मला त्यांच्यावर हसायचं होतं, सहा महिने मी याचीच वाट पाहिली होती, पण हसू आलं नाही. वर्गभर हसतात तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

त्यांनी पेन काढलं. 'अशुद्ध उच्चारलेल्या' हे स्वतःच लिहिलेले शब्द खोडले. 'मावळी बोलीनुसार' पुन्हा वर लिहिलं आणि खाली सही केली. अहवाल माझ्याकडे देताना वर बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "फ्लेक्स उद्या बदलून घेतो."

"राहू द्या, सर," मी म्हणाले. "सापडते मी."